लेखकाचा जमाखर्च

एखादी उत्तम कथा वाचून संपली म्हणजे वाचकाच्या मनात एक प्रश्न हटकून उभा राहतो : लेखकाला हे सारे सुचले तरी कसे? या प्रश्नाची दोन उत्तरे जनांत रूढ आहेत. कोणी म्हणतात, प्रतिभा ही ईश्वरी देणगी होय. ती ज्याला लाभली त्याला लाभली, इतरांनी तिची आशा धरू नये. कोणी म्हणतात, लेखन ही केवळ एक हातोटी आहे. चार युक्त्या साधल्या की कोणीही कथा रचावी. पहिले उत्तर शिकणाऱ्याला निराश करते, तर दुसरे त्याला उतावळा बनविते. सुदैवाने काही थोर लेखकांनी या प्रश्नाचे उत्तर स्वतःच देऊन ठेवले आहे. आपली कृती कशी सुचली, कोणाकडून काय घेतले, कोठे अडले आणि कशासाठी लिहिले, याचा जमाखर्च त्यांनी वाचकांपुढे मोकळेपणाने मांडला आहे. लिहू पाहणाऱ्याने तो अवश्य वाचावा. कारण त्यात वरच्या दोन्ही उत्तरांहून निराळे असे काही हाती लागते.

इंग्रजी भाषेतील प्रसिद्ध लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन याने असा एक जमाखर्च लिहून ठेवला आहे. लंडनच्या ‘द आयडलर’ या मासिकाने एक लेखमाला चालविली होती. नामवंत लेखकांनी आपले पहिले पुस्तक कसे लिहिले गेले ते सांगावे, अशी तिची योजना होती. तीत १८९४ साली स्टीव्हन्सनचा लेख प्रसिद्ध झाला. तो त्याच्या ‘ट्रेझर आयलंड’, म्हणजेच ‘खजिन्याचे बेट’, या कादंबरीविषयी होता. वस्तुतः ते त्याचे पहिले पुस्तक नव्हे. परंतु पुरी झालेली पहिली कादंबरी मात्र तीच. तत्पूर्वी त्याने अनेक कादंबऱ्या आरंभिल्या होत्या आणि त्या सर्व अर्ध्यावर टाकून दिल्या होत्या.

ही गोष्ट १८८१ सालची. स्टीव्हन्सन तेव्हा एकतिशीच्या उंबरठ्यावर होता. छातीच्या विकाराने त्याची प्रकृती पार खालावली होती. घरात पत्नी होती, तिचा शाळकरी मुलगा होता. पण लेखणीच्या कमाईवर संसार चालत नव्हता. त्याचे वडील दीपगृहे बांधणारे नाणावलेले अभियंते. मुलाने आपला पिढीजात व्यवसाय सोडून लेखक व्हावे हे त्यांना रुचले नव्हते. तरीही अडीअडचणीला त्यांचाच आधार होता. त्याचे एक पुस्तक तर इतके फसले असे ठरले, की वडिलांनी स्वतः पैसे भरून ते प्रकाशनातून परत घेतले. आपल्या हातून काही धड होईल की नाही, अशी शंका कोणाही माणसाला यावी, असा तो काळ होता.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत हे कुटुंब स्कॉटलंडमधील ब्रेमार या डोंगराळ गावी राहिले होते. बाहेर पाऊस आणि बोचरा वारा. त्यामुळे सर्वांना घरातच बसावे लागे. वेळ घालविण्यासाठी मुलगा रंगपेटी घेऊन चित्रे काढी. स्टीव्हन्सनही अधूनमधून त्याच्या शेजारी जाऊन बसे. अशाच एका दिवशी एका काल्पनिक बेटाचा नकाशा तयार झाला. त्यात बंदरे होती, टेकड्या होत्या, अरण्ये होती. त्या बेटाच्या आकाराने स्टीव्हन्सनला भुरळ घातली. नकाशाकडे पाहता पाहता त्या अरण्यांतून माणसे डोकावू लागली, शस्त्रे चकाकू लागली, गुप्त धनाच्या शोधात निघालेले चाचे इकडून तिकडे धावू लागले. त्याने कागद पुढे ओढला आणि प्रकरणांची यादी करावयास प्रारंभ केला. म्हणजे कथेतून नकाशा निघाला नाही. नकाशातून कथा निघाली.

या अनुभवावरून स्टीव्हन्सनने लेखकांना एक अत्यंत व्यवहारी सल्ला दिला आहे. आपण ज्या प्रदेशाची कथा सांगतो तो खरा असो वा काल्पनिक, लेखकाला तो तळहाताप्रमाणे ठाऊक असला पाहिजे. कोणते ठिकाण कोठून किती अंतरावर आहे, सूर्य कोणत्या बाजूला उगवतो, चंद्र केव्हा दिसतो, हे सर्व त्याने निश्चित करावे. चंद्राच्या बाबतीत आपल्या हातून एकदा चूक झाली होती, असे त्याने स्वतःच कबूल केले आहे. आणि तेव्हापासून जवळ पंचांग असल्याशिवाय आपण लिहीत नाही, असेही सांगितले आहे. मोठ्या लेखकाच्या तोंडून पंचांगाची आणि घराच्या आराखड्याची गोष्ट ऐकून नवख्या लेखकाला नवल वाटेल. परंतु कल्पनेला जमिनीचा आधार मिळाला म्हणजेच तिला निर्भयपणे धावता येते, हे यातील मर्म होय.

जमाखर्चाच्या वहीत जमेची बाजू जशी असते, तशी उसनवारीचीही असते. स्टीव्हन्सनने ती झाकून ठेवलेली नाही. आपल्या कथेतील पोपट ‘रॉबिन्सन क्रूसो’च्या घरचा आहे, दिशा दाखविणारा सांगाडा एडगर ॲलन पो या लेखकाकडून आला आहे आणि बेटावरचा लाकडी मेढेकोट कॅप्टन मॅरियट याच्या ‘मास्टरमन रेडी’ या पुस्तकातून घेतला आहे, हे तो हसतमुखाने सांगतो. मात्र एका ऋणाने त्याला खरोखर अस्वस्थ केले. वॉशिंग्टन अर्व्हिंग या अमेरिकन लेखकाचे एक पुस्तक पुढे सहज हाती पडले, तेव्हा आपल्या कादंबरीचा आरंभ, त्यातील म्हातारा खलाशी, त्याची पेटी, खाणावळीतील मंडळी, हे सारे त्या पुस्तकातून आपल्या लेखणीत उतरले असल्याचे त्याच्या ध्यानी आले. लिहिताना त्याला याची जाणीवही नव्हती. पूर्वी वाचलेले ते पुस्तक स्मृतीच्या तळाशी जाऊन बसले होते, आणि लिहिताना ते आपलेच म्हणून वर आले. ही गोष्ट कोणी उघडकीस आणण्याची वाट न पाहता त्याने ती आपण होऊन जगापुढे ठेवली.

मग त्याचे स्वतःचे असे काय होते? या कादंबरीतील लाँग जॉन सिल्व्हर हा एका पायाचा चाचा जगभरच्या वाचकांच्या मनात घर करून राहिला आहे. तो धूर्त आहे, क्रूर आहे. आणि तरीही हवाहवासा वाटतो. ही व्यक्तिरेखा कशी निर्माण झाली तेही स्टीव्हन्सनने सांगितले आहे. त्याचा एक जिवलग मित्र होता. कवी विल्यम अर्नेस्ट हेन्ली हा तो मित्र होय. आजारपणात त्याचा एक पाय कापावा लागला होता. परंतु त्याचा उत्साह, त्याचे धैर्य आणि त्याचे मोकळे हास्य यांत तिळमात्र उणेपणा आला नव्हता. या मित्राच्या ठायी असलेले कोमल व उदात्त गुण काढून घ्यावे, त्याचे बळ, त्याची चपळाई आणि त्याचा दिलदारपणा तेवढा ठेवावा, आणि हे सारे एका रांगड्या खलाशाच्या अंगी घालावे, असा प्रयोग स्टीव्हन्सनने केला. पोपट उसना होता. पण पोपट ज्याच्या खांद्यावर बसला तो माणूस लेखकाने जवळून पाहिलेल्या आणि मनापासून प्रेम केलेल्या माणसातून घडला होता.

लेखन सुरू झाले ते मोठ्या झपाट्याने. रोज एक प्रकरण लिहावे आणि दुपारी जेवणानंतर ते घरच्यांना वाचून दाखवावे, असा क्रम पडला. मुलाला ते आवडले यात आश्चर्य नाही. परंतु लेखकाचे वृद्ध वडीलही त्यात रंगून गेले. मेलेल्या खलाशाच्या पेटीत कोणकोणत्या वस्तू असाव्यात, याची यादी त्यांनी एका जुन्या लखोट्याच्या पाठीवर स्वतः तयार करून दिली, आणि मुलाने ती जशीच्या तशी कथेत घेतली. ज्या वडिलांना मुलाचे लेखक होणे रुचले नव्हते, तेच आता त्याच्या लेखनाचे भागीदार झाले. कथा मुलांच्या एका साप्ताहिकाने स्वीकारली, आणि आरंभीची प्रकरणे छापखान्यात गेली.

आणि अशा वेळी लेखणी थांबली. पंधरा दिवसांत पंधरा प्रकरणे झाली, आणि सोळाव्याच्या आरंभी शब्दच सुचेना. एकीकडे छापलेल्या प्रकरणांची मुद्रिते तपासण्यासाठी येऊन पडली होती. दुसरीकडे पुढचा मजकूर अस्तित्वातच नव्हता. अर्धवट टाकलेल्या कादंबऱ्यांच्या ढिगात आणखी एकीची भर पडणार, असेच चिन्ह दिसत होते. या प्रसंगाविषयी स्टीव्हन्सनने कोणतीही बढाई मारलेली नाही. आपण निराशेच्या अगदी जवळ पोहोचलो होतो, हे त्याने स्वच्छ शब्दांत लिहिले आहे. त्या हिवाळ्यात प्रकृतीसाठी त्याला स्वित्झर्लंडमधील दावोस येथे जावे लागले. मध्यंतरी त्याने कथेला हात लावला नाही. इतरांची पुस्तके वाचली. दावोसला पोहोचल्यावर एके दिवशी सकाळी तो पुन्हा कागद घेऊन बसला, आणि अडलेला ओघ सुटला. पुनश्च रोज एक प्रकरण याप्रमाणे कादंबरी पुरी झाली. १८८१-८२ मध्ये ती साप्ताहिकातून क्रमशः आली तेव्हा फारशी गाजली नाही. १८८३ साली ग्रंथरूपाने निघाली, आणि मग मात्र तिची कीर्ती सर्वत्र पसरली.

हे आत्मनिवेदन वाचताना एक सावधगिरी बाळगणे आवश्यक आहे. लेखक आपल्या कृतीविषयी जे सांगतो ते मोलाचे असले, तरी ते माणसाच्या आठवणीतून आलेले असते. स्टीव्हन्सनने तो लेख लिहिला तेव्हा ब्रेमारचा पावसाळी मुक्काम होऊन तेरा वर्षे लोटली होती. तो म्हणतो, नकाशा मी काढला. त्याचा सावत्र मुलगा लॉइड ऑस्बर्न याने मात्र मोठेपणी असे लिहिले की, नकाशा मूळ मीच काढला होता आणि त्यांनी त्यात भर घातली. दोघेही खोटे बोलत होते असे मानण्याचे कारण नाही. एकाच टेबलाशी बसून दोघांनी जे केले, ते प्रत्येकाला आपले वाटले असेल. म्हणून लेखकाचे आत्मनिवेदन वेदवाक्य न मानता साक्षीदाराच्या जबानीप्रमाणे वाचावे : आदराने, पण डोळे उघडे ठेवून.

स्टीव्हन्सनच्या लेखात कथा कशी घडली हे कळते. परंतु लेखक विशिष्ट विषयच का निवडतो, जुनीच कथा पुन्हा का सांगतो, हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी दूर जावयास नको. मराठीत विष्णु सखाराम खांडेकर यांनी आपल्या अनेक पुस्तकांना विस्तृत प्रस्तावना जोडल्या आणि त्यांतून आपल्या लेखनामागील विचार वाचकांना सांगितला. आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील शिरोडे या गावी ते १९२० साली शिक्षक म्हणून गेले आणि १९३८ पर्यंत तेथील शाळेत त्यांनी अध्यापन केले. समुद्रकाठच्या त्या लहानशा गावातील गरिबी आणि साध्या माणसांची सुखदुःखे त्यांनी जवळून पाहिली. लेखणीचा संबंध या जीवनाशी असला पाहिजे, ही त्यांची श्रद्धा होती.

१९५९ साली त्यांची ‘ययाति’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तिला १९६० साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पुढे १९७४ साली खांडेकरांना ज्ञानपीठ पुरस्कार लाभला. तो मिळविणारे ते पहिले मराठी साहित्यिक होत. ययातीची कथा महाभारतातील आहे. शुक्राचार्यांच्या शापाने अकाली म्हातारा झालेला हा राजा आपल्या मुलांपाशी तारुण्य मागतो, आणि धाकटा पुरू ते त्याला देतो. ही कथा शतकानुशतके सर्वांना ठाऊक होती. मग ती पुन्हा सांगण्याचे प्रयोजन काय? कादंबरीला जोडलेल्या ‘पार्श्वभूमी’ या लेखात खांडेकरांनी याचा खुलासा केला आहे. केवळ पुराणकथा सांगावी हा त्यांचा हेतू नव्हता. कितीही भोगले तरी तृप्त न होणारा ययाती त्यांना आपल्याच काळात वावरताना दिसत होता. सुखाची साधने वाढत चालली आहेत, पण मनाचा संयम मात्र वाढत नाही, ही चिंता त्या जुन्या कथेतून त्यांना व्यक्त करावयाची होती.

येथेही उसने किती आणि स्वतःचे किती, हा हिशेब पाहण्यासारखा आहे. महाभारतातील कच संजीवनी विद्या मिळवून देवलोकी जातो आणि ययातीच्या कथेत पुन्हा येत नाही. खांडेकरांच्या कादंबरीत तो परत येतो आणि भोगी ययातीच्या समोर संयमी पुरुषाचा आदर्श म्हणून उभा राहतो. कथा सांगण्याची रीतीही त्यांनी बदलली. ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा ही तिघे आपापली बाजू स्वतःच्या तोंडाने सांगतात. त्यामुळे ज्याची चूक आहे त्याचेही दुःख वाचकाला कळते. मूळ कथा व्यासांची. परंतु तिच्याकडे पाहण्याची दृष्टी खांडेकरांची स्वतःची. स्टीव्हन्सनचा पोपट आणि खांडेकरांचा ययाती यांत केवढे तरी अंतर आहे. पण दोघांच्याही वहीत ऋणाची नोंद सारख्याच प्रामाणिकपणे केलेली आढळते.

सर्व लेखक एकच गोष्ट सांगतात असे मात्र समजू नये. खांडेकरांचे समकालीन ना. सी. फडके यांनी १९३१ साली ‘प्रतिभासाधन’ हा ग्रंथ लिहून ललित लेखनाच्या तंत्राचा सांगोपांग विचार केला. कथेची गुंफण, पात्रे, प्रसंग यांचे शास्त्र आहे आणि ते अभ्यासाने साध्य होते, असे त्यांचे प्रतिपादन होते. कलेचे कार्य आनंद देणे हे होय, असे फडके म्हणत. तर कला जीवनासाठी आहे, असे खांडेकर म्हणत. ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ हा वाद मराठीत दीर्घकाळ रंगला. शिकणाऱ्याने दोघांचेही म्हणणे ऐकावे. तंत्राशिवाय तळमळ विस्कळीत राहते. आणि तळमळीशिवाय तंत्र हे रिकाम्या घराला घातलेले सुबक कुलूप ठरते. आपल्या लेखनाला यांपैकी कशाची उणीव आहे, हे मात्र ज्याचे त्यानेच ओळखावयाचे असते.

तात्पर्य, लेखकांच्या आत्मनिवेदनांतून यशाचा मंत्र मिळत नाही. आणि तो मिळत नाही हेच त्यांचे मोठेपण आहे. लेखकही अडतो, चुकतो, इतरांकडून घेतो, वाट पाहतो आणि पुन्हा लिहावयास बसतो, एवढे त्यांतून कळते. ज्या विद्यार्थ्याचा निबंध दोन ओळींवर येऊन थांबला आहे, त्याला यापरता धीर कोणता हवा? गावच्या जत्रेवर लिहावयाचे असेल, तर त्याने प्रथम एका कागदावर देऊळ, नदी आणि दुकानांची रांग मांडावी. सायंकाळचे ऊन कोणत्या बाजूने येते ते आठवावे. लिहून झाल्यावर त्यातील कोणते शब्द वाचलेले आणि कोणते स्वतः पाहिलेले, याच्या खुणा समासात कराव्यात. पहिल्या प्रयत्नात बहुतेक खुणा वाचलेल्याच्या बाजूला पडतील. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

‘खजिन्याचे बेट’ ग्रंथरूपाने निघण्याच्या वेळची एक हकीकत स्टीव्हन्सनने नमूद केली आहे. मुद्रणासाठी पाठविलेला मूळ नकाशा प्रकाशकाकडे पोहोचलाच नाही. तो वाटेत कोठे तरी हरवला. तेव्हा आपलीच कादंबरी पुढे घेऊन, त्यातील प्रत्येक उल्लेख मोजून, त्याला बेटाचा नकाशा नव्याने सिद्ध करावा लागला. हे काम वडिलांच्या कचेरीत झाले, आणि नकाशावरची कप्तान फ्लिंटची सही वडिलांनी आपल्या हाताने केली. नवा नकाशा सुबक होता, अचूक होता. पण ते आपले बेट नव्हे, असे त्याला शेवटपर्यंत वाटत राहिले.

स्वाध्याय

१. ‘कथेतून नकाशा निघाला नाही, नकाशातून कथा निघाली.’ या विधानाचे स्पष्टीकरण करा.
२. स्टीव्हन्सनने कोणाकोणाचे ऋण मान्य केले? त्यांपैकी कोणत्या ऋणाने तो अस्वस्थ झाला आणि का?
३. महाभारतातील कच व खांडेकरांच्या कादंबरीतील कच यांतील फरक सांगा.
४. लेखकाचे आत्मनिवेदन साक्षीदाराच्या जबानीप्रमाणे का वाचावे? पाठातील उदाहरण द्या.
५. आपल्या परिचयाच्या एखाद्या ठिकाणाचा नकाशा काढा व त्याच्या आधारे त्या ठिकाणाचे वर्णन पंधरा ओळींत करा.